मागचा मडगार्ड: आखूड पत्रा आणि हलते चाक

मोटारसायकलच्या मागच्या चाकावरील मडगार्ड चिखल अडवणारा पत्रा म्हणून ओळखला जात असला, तरी टेललाइट, नंबरप्लेट, इंडिकेटर आणि काही गाड्यांवर मागच्या आसनाचा भारही तोच पेलतो. त्यामुळे कंपनीचा मूळ मडगार्ड काढून बाजारातला दुसरा बसवताना गाडीच्या रूपाबरोबर या सर्व कामांचीही नव्याने व्यवस्था लावावी लागते.

टायरला बिलगलेल्या आखूड मडगार्डाचा, म्हणजे ‘बॉबर’ म्हणून ओळखला जाणारा घाट दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत रूढ झाला. गाडीचे वजन घटवण्यासाठी तेथील हौशी चालक पुढचा मडगार्ड काढून टाकत आणि मागचा कापून आखूड करीत. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांना 1958 सालची ड्युओ-ग्लाइड येईपर्यंत मागचे सस्पेन्शनच नव्हते. चाक सांगाड्याला, म्हणजे फ्रेमला, पक्के जोडलेले असे आणि रस्त्याचे धक्के मुख्यतः सीटखालची रचना व टायर सोसत. चाक फ्रेमच्या तुलनेत वरखाली होत नसल्याने पत्रा टायरपासून अगदी थोड्या अंतरावर बसवला तरी चालत असे. याउलट 1955 पासून मद्रासशी नाते जडलेल्या रॉयल एनफिल्ड बुलेटला मागे स्विंगआर्म, म्हणजे एका टोकाला बिजागरीसारखा फिरणारा आणि दुसऱ्या टोकाला चाक धरणारा चिमटा, आधीपासूनच होता. अशा गाडीवर बॉबर घाटाचा पत्रा चढवताना न हलणाऱ्या चाकासाठी सुचलेला आकार हलत्या चाकावर बेतावा लागतो, आणि जोडणीतील बहुतेक अडचणी तेथूनच उद्भवतात.

या अडचणीवर दोन मार्ग आहेत. मडगार्ड फ्रेमला जोडला, तर तो जागेवर स्थिर राहतो आणि चाक त्याच्या दिशेने उसळते. म्हणून शॉकअब्सॉर्बर पूर्ण दबल्यावरही टायर व पत्रा यांत मोकळी जागा उरली पाहिजे. उभ्या गाडीवर डोळ्यांना शोभणारे अंतर येथे फसवे ठरते. खात्रीसाठी शॉकअब्सॉर्बर सोडवून चाक जॅकने त्याच्या वरच्या मर्यादेपर्यंत उचलावे आणि त्या स्थितीत अंतर मोजावे. दुसऱ्या मार्गात मडगार्ड स्विंगआर्मलाच जोडतात. तो चाकाबरोबर वरखाली होत असल्याने टायरच्या जवळ ठेवता येतो, मात्र शॉकअब्सॉर्बरच्या संरक्षणाबाहेर असल्याने प्रत्येक खड्ड्याचा हादरा त्याला थेट बसतो आणि आधारपट्ट्या कमकुवत असतील तर बोल्टच्या छिद्रांपासून तडे जाऊ लागतात. अशा जोडणीत टायर व पत्रा यांच्यामध्ये जाड रबरी नळीचा तुकडा आडवा ठेवून सर्वत्र समान अंतर राखणे सोयीचे असते.

मडगार्ड कशाचा बनवलेला आहे याचाही विचार करावा लागतो. पोलादी पत्रा जड असला तरी वेल्डिंगने दुरुस्त होतो. फायबरग्लास हलका असतो, पण बोल्टचा दाब एका बिंदूवर आल्यास चिरतो, म्हणून छिद्रामागे धातूची पट्टी आणि रबरी वॉशर द्यावा लागतो. बोल्टचे गोल, बुटके डोके टायरच्या बाजूला आणि नट बाहेरच्या बाजूला ठेवतात, कारण आत डोकावणारे आट्याचे टोक टायर फाडू शकते. हादऱ्यांनी नट सैल होऊ नये म्हणून आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट वापरतात. वायरिंग नळीतून ओवून पत्र्याच्या कडेने बांधतात. फायबरग्लासमधून वीज वाहत नसल्याने टेललाइटला अर्थिंगची स्वतंत्र वायर द्यावी लागते, तर पोलादी पत्र्यावर पावडर कोटिंग केले असेल तर अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून धातू उघडा करावा लागतो.

भारतात या कामाला कायद्याचीही चौकट आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 123 मागच्या प्रवाशाचे कपडे चाकात अडकू नयेत यासाठी मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे साधन आवश्यक मानतो. साडीगार्ड हे त्याचे परिचित रूप होय. मडगार्ड आखूड करताना साडीगार्डही उतरवला जाण्याची शक्यता असते, आणि मग पावसाळ्यात पाठीवर उडणाऱ्या चिखलापेक्षा हा धोका कितीतरी गंभीर ठरतो. नंबरप्लेट स्पष्ट दिसणे आणि रात्री तिच्यावर प्रकाश पडणे हेही नव्या मडगार्डाने सांभाळले पाहिजे.

बोल्ट आवळले म्हणजे जोडणी संपली असे होत नाही. चेन ताणताना चाक मागे सरकते, पुढे कधी अधिक उंचीचा टायर घातला जातो, मागे प्रवासी बसला की स्प्रिंगा अधिक दबतात. या प्रत्येक वेळी टायर आणि पत्रा यांतील अंतर बदलते. म्हणून नवा मडगार्ड बसवल्यावर प्रवासी व सामानासह गाडी चालवून पाहणे, काही दिवसांनी सर्व नट पुन्हा तपासणे आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला टायर घासल्याच्या खुणा शोधणे, हाही या जोडणीचाच भाग होय.