दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर आजीला झोपवून ठेवू नका



पारशिवनी तालुक्यातील ७२ वर्षांच्या एक गोंड आजी कोराडीला लेकीकडे आल्या होत्या. डोळे पिवळे, थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे. घरच्यांनी कावीळ समजून दहा दिवस झाडपाला दिला. नागपूरला सोनोग्राफी झाली तेव्हा कळले की पित्ताशयातला खडा घसरून पित्तनलिकेत अडकला आहे. दुर्बिणीतून ऑपरेशन करून पित्ताशय आणि नलिकेतला खडा दोन्ही काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भेटायला गेले, तर सिस्टर आजींना उभे करत होत्या. मी म्हणाले, "अहो, झोपू द्या ना, म्हाताऱ्या आहेत त्या." सिस्टर म्हणाल्या, "म्हणूनच उठवतेय, ताई." माझी चूक मला तिथेच समजली.

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे पहिले ऑपरेशन १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केले. छिद्रे लहान असली की जखम कमी दुखते. पण वृद्ध माणूस खाटेवर पडून राहिला, तर थोड्याच दिवसांत पायांची ताकद जाते, छातीत कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात ऑपरेशनच्या आधीची व नंतरची काळजी एका शिस्तीत बसवली. तिला 'इनहॅन्स्ड रिकव्हरी' म्हणतात. त्यातल्या बऱ्याच गोष्टी नातेवाइकांच्या हातात आहेत.

ऑपरेशनआधी: रात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही, ही जुनी रीत. आता बहुतेकांना जेवण ६ तास आधी आणि साधे पाणी २ तास आधीपर्यंत चालते. तरी भुलेच्या डॉक्टरांना विचारूनच द्यावे. घरात सिकलसेल असेल तर आवर्जून सांगा. त्या आजारात पित्तखडे जास्त होतात, आणि अंगातले पाणी व उष्णता कमी होणे धोक्याचे ठरते.

ऑपरेशननंतर: डॉक्टरांनी परवानगी दिली की घोट घोट पाणी, मग पेज, मग मऊ भात. आधी खुर्चीत बसवणे, मग धरून चार पावले चालवणे. दर तासाला दीर्घ श्वास. दुखण्याची गोळी वेळेवर द्यावी, कारण दुखत असले की माणूस ना खोकतो, ना चालतो. पोटात नळी असेल तर ती ओढली जाणार नाही हे पाहावे.

मनाची काळजी: वृद्धांना रात्री भ्रम होऊ शकतो. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र जवळ ठेवा. आपल्या आजी पहिल्या रात्री कुणालाच ओळखेनात. लेक गोंडीत बोलू लागली तेव्हा शांत झाल्या.

घरी आल्यावर: पुन्हा डोळे पिवळे होणे, थंडी-ताप, पोट फुगणे किंवा वाढते दुखणे, दम लागणे, एका पायाला सूज, अचानक बडबड यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

खर्चाच्या भीतीने अनेक घरे उशीर करतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यावर योजनेतील रुग्णालयांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. आपल्या मंडळीतील व शेजारच्या वृद्धांची कार्डे आजच काढून द्या.

पाड्यावरून आलेल्या रुग्णाजवळ अनेकदा एकच नातेवाईक असतो, तोही रोजी बुडवून आलेला. फळांची पिशवी ठेवून परतण्यापेक्षा तासभर थांबा, परिचारिकेला विचारून त्यांना हात धरून चालवा. मार्कच्या ५ व्या अध्यायात याईराची मुलगी उठून चालू लागते, आणि प्रभू तिला खायला द्यायला सांगतो. ते काम त्याने घरच्यांवर सोपवले होते.

आजी आता अंगणात फिरतात. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.