इंचाला २४ रेघा

पेनसिल्व्हेनियात बंदुकांच्या एका प्रदर्शनात शिकारीची एक रायफल हातात आली. अक्रोडाचा दस्ता इतका मऊसूत, की तळवा तिथंच रेंगाळावा. पण नळी जिथं बसते त्या पोलादी कड्यावर अर्धवट घासलेली अक्षरं होती: ‘बीवायएफ ४३’. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याची ही युद्धकाळातली खूण. म्हणजे १९४३ साली हिटलरच्या सैन्यासाठी घडलेलं हत्यार. तिला हे रूप कोणी दिलं ते बघायला त्या कारागिराच्या दुकानात गेलो.

आत जवसाच्या तेलाचा वास. अक्षरांचं विचारलं, तर म्हातारा म्हणाला, ‘पोलादाचा वरचा थरच काय तो कठीण. आणखी घासलं तर कडं कमजोर होईल.’

त्याचं काम असं: उरलासुरला लष्करी दस्ता उतरवायचा, बोल्टची आडवी दांडी कापून दुर्बिणीखाली मावेल अशी खाली झुकलेली जोडायची, दुर्बिणीसाठी आटे पाडायचे. एवढं झटपट उरकतं. वेळ खातं ते लाकूड. पोलादाला काजळी फासून तो ते अक्रोडाच्या खाचेत दाबतो, उचलतो. काळा डाग उमटला तेवढ्याच जागेचा पापुद्रा पटाशीनं काढतो. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. बार उडाला की सगळा धक्का खाचेतल्या लाकडाच्या एका लहानशा खांद्यावर येतो. तिथं पोलाद नीट टेकलं नसेल, तर दस्ता चिरतो.

मग मुठीवरची नक्षी. ‘इंचाला २४,’ तो म्हणाला. २४ रेघा, त्यांना तिरक्या छेदणाऱ्या आणखी २४, सगळ्या हातानं. भिंगातून पाहिलं, तर प्रत्येक चौकटीचं टोक शाबूत.

लष्करी रायफलीला शिकारी रूप देण्याचा हा उद्योग जुना आहे. हेमिंग्वेनं १९३० साली न्यूयॉर्कच्या ‘ग्रिफिन अँड हाऊ’कडून घेतलेली रायफलही मुळात लष्करी स्प्रिंगफील्डच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शिल्लक लष्करी रायफली कवडीमोलानं, टपालानंही मिळत. १९६८च्या कायद्यानं ती टपालविक्री थांबली. तोवर अनेकांनी त्यांवर घरच्या घरी करवत चालवून घेतली होती. आपल्याकडे वेगळंच घडलं. लष्करी .३०३ व्यासाची रायफल सामान्य माणसाला निषिद्ध, म्हणून ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं ली-एनफिल्डच्याच बांधणीची .३१५ काढली.

आज संग्राहक हळहळतात: मूळ रूपातल्या रायफलीला भाव, बदललेलीचं वाटोळं. म्हाताऱ्याला ते पटतं. अस्सल राहिलेल्या रायफलीला तो हात लावत नाही. आधीच कुणी कापलेल्याच घेतो. इंचाला २४ रेघांची मजुरी विकताना वसूल होत नाही, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. तरी माणसं येतात. कुणाच्या आजोबांनी ती युद्धावरून आणलेली असते, कुणाच्या वडिलांनी करवतीनं बिघडवलेली. विकायची कुणालाच नसते. वाटोळं झालं असेल तर ते करवतीनं. हा माणूस ते निस्तरतोय.