सुरतेचा प्लेग आणि मागे राहिलेली माणसे

सचिन हे गाव सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईच्या लोहमार्गावर वसलेले आहे. १९९४ च्या सप्टेंबरअखेर याच मार्गाने मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवावयास जागा नव्हती. उधन्याहून नंदुरबार-जळगावकडे जाणाऱ्या गाड्यांचीही तीच गत होती. यंत्रमागांवर राबणारा खानदेशी कामगार मुलाबाळांसह गावाकडे निघाला होता. अवघ्या काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही, असे मला वाटते.

त्या पळण्यामागे एक जुने शहाणपण होते. १८९६-९७ साली मुंबई-पुण्यात प्लेग आला, तेव्हापासून आपल्या आजा-पणज्यांनी एक धडा गिरविला होता: उंदीर पडू लागले की घर सोडावे व रानात झोपडी बांधून राहावे. गाठीच्या प्लेगात तो उपाय योग्यच होता, कारण तो रोग उंदरांवरील पिसवांच्या दंशाने होतो. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी आढळला तो याच प्रकारचा. सुरतेत मात्र फुप्फुसांचा प्लेग अवतरला. त्याचे जंतू रोग्याच्या खोकल्यातील तुषारांवाटे दुसऱ्याच्या श्वासात शिरतात. रोगी गाडीत बसला की रोगही त्याच्याबरोबर बसतो. लक्षणे दिसल्यापासून सुमारे चोवीस तासांत औषध न मिळाल्यास तो सहसा वाचत नाही. मिळाल्यास टेट्रासायक्लिन वा स्ट्रेप्टोमायसिनसारखी परिचित औषधे त्याला तारतात.

म्हणूनच रोग्याला वेळेत खाटेवर आणणाऱ्या माणसांचे मोल त्या दिवसांत सर्वांत मोठे होते. अनेक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली असता सुरतेच्या नव्या सिव्हिल रुग्णालयातील निवासी डॉक्टर, परिचारिका आणि वॉर्डातील सेवक कामावर राहिले. त्यांना स्वतःच्या श्वासाचे भय नव्हते असे कोण म्हणेल? तापीच्या पुरानंतर सखल वस्त्यांत गाळ आणि कुजकी घाण साचली होती. ती उपसणारे सफाई कामगारही याच पंक्तीतले. सरकारी आकड्यांनुसार मृतांची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. भयाचा विस्तार पाहता हा आकडा लहान वाटतो. त्याचे श्रेय प्रामुख्याने या मंडळींकडे जाते.

मराठी मनाला येथे सावित्रीबाई फुले आठवल्यावाचून राहत नाहीत. प्लेगने आजारी मुलाला त्यांनी स्वतः वाहून पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

१९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून रोज रस्त्यावर उतरविले आणि रात्रीही झाडलोट सुरू केली. १९९६ मध्ये इन्टॅक संस्थेच्या पाहणीत सुरत चंदीगडखालोखाल स्वच्छ ठरली. राव यांचे नाव योग्य रीतीने घेतले जाते. पण रात्रीचा झाडू कोणाच्या हाती होता, याचीही नोंद हवी.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे आईवडील वा आप्त त्या सप्टेंबरात रुग्णालयात, महापालिकेत अथवा रेल्वेत कामावर असतील. त्यांनी आपली आठवण दोन पाने का होईना, लिहून शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. लिहिता येत नसेल त्यांच्याकडून नातवंडांनी सांगून घ्यावी. ते हात आता वार्धक्याने थकले आहेत.