कपाटातला कॅमेरा, खिशातला कॅमेरा

पालकभेटीच्या रविवारी मला हमखास एक प्रश्न येतो. मुलाचे मार्क, जेवण, खोकला हे सगळं इतरांना विचारून झालं की कोणाचे तरी आई-वडील माझ्यापाशी येतात. "सर, फोटोग्राफी क्लब तुमच्याकडे आहे ना? ह्याला कॅमेरा घ्यायचाय. जुना का होईना, पण मोठा डीएसएलआर घेऊ, की खिशात मावणारा छोटा घेऊ?" आपल्या वसतिगृहात मोबाइल चालत नाही. त्यामुळे बाहेरच्या जगात जो प्रश्न आता कोणी फारसा विचारत नाही, तो आपल्याकडे अजून जिवंत आहे.

उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून या वेळी मराठी पानावर लिहितो आहे. शिवाय एकदा मी स्वतः हे उत्तर अर्धंच बरोबर दिलं होतं. तेही सांगायला हवं.

सहा-सात वर्षांपूर्वी क्लबकडे वर्गणीचे आणि रद्दीचे मिळून 18,000 रुपये जमले. एका रविवारी दोन कॅडेट्सना आउटपासवर घेऊन मी शिवाजीनगरला गेलो. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या मुलांना हे नाव ऐकून पुणं आठवतं, पण हे बंगळुरूचं शिवाजीनगर. एका बाजूला बसस्थानकाची गर्दी, मध्ये 1927 साली बांधलेलं रसेल मार्केट, जवळच सेंट मेरी बॅसिलिका, आणि तिथून कमर्शियल स्ट्रीटकडे जाणाऱ्या गल्ल्या. अशाच एका गल्लीत वापरलेले कॅमेरे विकणारं छोटं दुकान होतं.

दुकानदाराने आमचं बजेट ऐकलं आणि काचेवर दोन कॅमेरे ठेवले. पहिला निकॉन डी 90, सोबत 18-105 ची लेन्स. हा कॅमेरा 2008 मध्ये बाजारात आला होता. दुसरा सोनी आरएक्स 100, 2012 चा. किंमत दोन्हींची जवळपास सारखी. मी विचारलं, "यातला चांगला कोणता?" तो हसून म्हणाला, "साब, दोनो अच्छे हैं. पन तुमना क्या होना, वो पैले बोलो." मला वाटलं, हा विकण्याची हुशारी करतोय. त्याने खरं तर सगळ्या प्रश्नाचं सार सांगितलं होतं. ते कळायला मला पुढे तीन वर्षं लागली.

आधी दोन्ही कॅमेऱ्यांत काय फरक होता ते पाहू.

पहिला फरक हातालाच कळतो. डी 90 बॅटरी आणि लेन्ससकट 1,100 ग्रॅमच्या वर जातो. आरएक्स 100 बॅटरी-कार्डासकट 240 ग्रॅम. एक गळ्यात अडकवून मिरवावा लागतो, दुसरा पँटच्या खिशात जातो.

दुसरा फरक सेन्सरचा. सेन्सर म्हणजे जुन्या कॅमेऱ्यात फिल्म असायची त्या जागी बसलेली, प्रकाश टिपणारी चकती. डी 90 चा सेन्सर 23.6 × 15.8 मिलिमीटर, आरएक्स 100 चा 13.2 × 8.8. क्षेत्रफळ काढून पाहा. पहिला दुसऱ्याच्या तिपटीहून थोडा मोठा भरतो. साध्या, स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत तर साधारण 6.2 × 4.6 मिलिमीटरचा सेन्सर असतो, म्हणजे डी 90 च्या तेराव्या हिश्शाइतका. अंगणात पावसात परात आणि वाटी ठेवली तर परातीत जास्त पाणी जमतं. तसाच मोठा सेन्सर जास्त प्रकाश जमवतो आणि अंधुक जागी फोटोत दाणे कमी दिसतात. मेगापिक्सेलचा आकडा इथे फसवा आहे. डी 90 चे 12.3 आणि आरएक्स 100 चे 20.2 मेगापिक्सेल. पण आपल्या मासिकाचं पान छापायला 12 पुरून उरतात.

मग मोठा सेन्सरवाला जिंकला का? थांबा. परात किती मोठी यासोबत पाऊस किती जोराचा हेही पाहावं लागतं, आणि ते लेन्सचं छिद्र ठरवतं. हे छिद्र एका आकड्याने सांगतात आणि आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. झूम न करता डी 90 सोबतच्या लेन्सचा आकडा 3.5 होता, तर आरएक्स 100 चा 1.8. आकड्यांच्या वर्गांची तुलना केली की छोट्या कॅमेऱ्यात जवळजवळ चौपट जोराचा पाऊस पडतो असं दिसतं. म्हणजे वाटी लहान, पण सर मोठी. हिशेब जवळपास फिटला!

आम्ही हे करूनही पाहिलं. दुकानदाराने माझं ओळखपत्र ठेवून घेतलं, सोबत दुकानातला मुलगा दिला आणि आम्हाला रसेल मार्केटात पाठवलं. आत भर दुपारीही अंधारच असतो. कुठे पिवळा दिवा, कुठे वरून येणारी उन्हाची तिरीप. अकरावीतल्या कॅडेटकडे मोठा कॅमेरा दिला, नववीतल्याकडे छोटा. दोघांनी फळांचे तेच ढीग टिपले. दुकानात येऊन पडद्यावर पाहिलं तर झूम न केलेल्या फोटोंत फरक सांगता येईना. लांबचा भाजीवाला जवळ ओढला तिथे मात्र मोठ्याने बाजी मारली, कारण पूर्ण झूमला छोट्याचं छिद्रही 4.9 पर्यंत आकसतं.

आणखी एक गोष्ट तिथे दिसली आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात नसते. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की फळवाला काम थांबवून सरळ उभा राहायचा, शर्ट नीट करायचा, हसायचा. छोट्या कॅमेऱ्याकडे त्याने एकदा पाहिलं, मानेने होकार दिला आणि तो पुन्हा सफरचंदं पुसायला लागला. एका कॅमेऱ्यात फळवाल्याचा फोटो आला, दुसऱ्यात फळवाल्याच्या कामाचा.

परत येताना मुलांचा वाद जुंपला. थोरला म्हणाला, "सर, परेड लांबून काढायची असते. उन्हात छोट्याच्या पडद्यावर काही दिसत नाही, त्याला डोळा लावायची खिडकी नाही. बॅटरी पण बघा." त्याचं खरं होतं. एका चार्जिंगवर डी 90 चे सुमारे 850 फोटो निघतात, आरएक्स 100 चे सुमारे 330. शिवाय डी 90 ची लेन्स बदलता येते. त्याच्या अंगातच फोकसची मोटर असल्याने जुन्या, स्वस्त लेन्सही त्यावर आपोआप फोकस होतात. निकॉनच्याच डी 3100 सारख्या हलक्या मॉडेलमध्ये ही सोय नाही. धाकट्याचं म्हणणं एवढंच, "पण सर, तो रोज कोण उचलणार?"

आम्ही डी 90 घेतला. धाकट्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.

पुढची तीन वर्षं मी खूश होतो. परेड, क्रॉस कंट्री, बॉक्सिंगच्या लढती, पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसं, सगळं नीट टिपलं गेलं. एका पालकांनी वापरलेली 55-200 लेन्स क्लबला दिली आणि मैदानाच्या पलीकडचा चेहराही जवळ आला. मुलं शटर, छिद्र, प्रकाश यांचा मेळ बोटांनी शिकली. शिकायला हा कॅमेरा उत्तम, कारण प्रत्येक गोष्टीला वेगळं बटण आहे. काम झालं की कॅमेरा पुसून, पेटीत घालून, कपाटात कुलूपबंद. किल्ली माझ्याकडे.

मग आमच्या मेसचे आचारी अण्णा गेले. निवृत्तीला काही महिने उरले असताना आजारी पडून गावी गेले, ते परत आलेच नाहीत. त्यांचा मुलगा हिशेबाचे कागद घ्यायला आला होता. जाताना मला म्हणाला, "सर, अप्पांनी इथे बावीस वर्षं काढली. घरात त्यांचा लग्नातला फोटो आहे, आधार कार्डावरचा आहे. इथे काम करतानाचा एक द्या, आईला लावायचाय."

क्लबच्या संगणकात तेव्हा 11,000 च्या वर फोटो होते. मी आणि दोन मुलं रात्री साडेदहापर्यंत बसलो. अण्णा एकाच फोटोत सापडले. स्वातंत्र्यदिनाच्या जेवणाचा फोटो, पुढे पाहुणे, त्यांच्या खांद्यामागे अण्णांचा अर्धा चेहरा आणि हातातली परात. फोकस पाहुण्यांवर. ज्या माणसाच्या हातचं आम्ही दिवसातून तीनदा खात होतो, त्याच्यासाठी आम्ही एकदाही कपाट उघडलं नव्हतं.

तेवढाच भाग कापून, मोठा करून दिला. मुलाने तो दोन्ही हातांनी घेतला. मला त्याच्याकडे पाहवेना.

यात डी 90 चा काही दोष नव्हता. तारीख ठरलेल्या प्रसंगांसाठी तो घेतला होता आणि ते काम त्याने चोख केलं. पण आपलं बरंचसं आयुष्य तारीख न ठरवता होतं. मेसमध्ये, बराकीच्या पायरीवर, बूट पॉलिश करताना, पहिलं पत्र वाचताना. तिथे एक किलोचा कॅमेरा पोहोचत नाही, पोहोचला तरी समोरचा माणूस शर्ट नीट करायला लागतो. हा अनुभव नवा नाही. जर्मनीतल्या ऑस्कर बर्नाक यांना दम्याचा त्रास होता. जड प्लेटचा कॅमेरा घेऊन डोंगर चढवेना म्हणून त्यांनी खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. 1925 मध्ये तो लायका नावाने बाजारात आला. उलट आपल्या होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत वृत्तछायाचित्रं काढताना स्पीड ग्राफिकसारखा बोजड कॅमेराही वागवला. ज्याचं काम जसं, तसा त्याचा कॅमेरा.

पुढच्या वर्षी आम्ही एक वापरलेला छोटा कॅमेरा घेतला. तो कपाटात ठेवायचा नाही असा नियम केला. ज्याची ड्यूटी, त्याच्या खिशात. रोज एक साधा फोटो, आणि वहीत तारीख व माणसाचं पूर्ण नाव.

आता पालकांसाठी थोडक्यात.

मुलाला फोटोग्राफी शिकायची असेल, खेळ आणि पक्षी लांबून काढायचे असतील, तर जुना डीएसएलआर घ्या. मेगापिक्सेल पाहू नका. शटर किती वेळा चाललंय ते विचारा. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये ही संख्या नोंदलेली असते. डी 90 चं शटर कंपनीने 1,00,000 वेळा चालवून तपासलेलं आहे, त्यावरून उरलेल्या आयुष्याचा अंदाज येतो. लेन्स उजेडासमोर धरून आत कोळिष्टकासारखी बुरशी दिसते का पाहा. छिद्र अगदी लहान करून पांढऱ्या कागदाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतील.

मुलाला घरच्यांना दाखवायला, मित्रांच्या आठवणी ठेवायला कॅमेरा हवा असेल, तर छोटा घ्या. मात्र त्याची लेन्स दहा वेळा आत-बाहेर करून बघा. अडखळली किंवा करकरली तर सोडून द्या. तिच्या फटीतून आत गेलेली धूळ काढायची तर सगळा कॅमेरा उघडावा लागतो. दोन्हींत बॅटरी फुगलेली नाही ना, ते पाहाच. कोकणात किंवा बेळगावकडे घर असेल तर पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

कॅडेट्सना एक वेगळी सूचना. लष्करी हद्दीतली फाटकं, वाहनं, पहारेकरी, यंत्रणा यांचे फोटो परवानगीशिवाय काढायचे नाहीत, कॅमेरा मोठा असो की छोटा. गणवेश अंगावर आहे म्हणून सूट मिळत नाही. उलट जबाबदारी वाढते.

आणि कॅमेरा घेण्याआधी मुलाला दुकानदाराचाच प्रश्न विचारा, नेमकं काय हवंय? त्याने पाच फोटोंची यादी करावी, जे त्याला शाळा सोडताना सोबत न्यायचे आहेत. यादीत परेड आणि सामने जास्त आले तर मोठा. माणसं जास्त आली तर छोटा.

या अंकात मेसच्या पानावर जो फोटो आहे तो आठवीतल्या कॅडेटने छोट्या कॅमेऱ्यावर काढलाय. वाफेमुळे थोडा धूसर आहे, एक कोपरा काळा पडलाय. संपादक मंडळाने विचारलं, "सर, दुसरा नाही का?" मी म्हटलं, हाच छापा, आणि खाली तिन्ही आचाऱ्यांची पूर्ण नावं द्या.