वाद्यपथकासाठीं गीतांची निवड

वार्षिक क्रीडामहोत्सव किंवा स्वातंत्र्यदिनाचें संचलन जवळ आलें, कीं शाळेच्या वाद्यपथकांत पहिला वाद निघतो तो गीतांविषयीं. कोणास चित्रपटांतील नवें गाणें हवें असतें, कोणास जुनें देशभक्तिपर गीत, तर कोणास नुसताच ढोलांचा गजर. अखेर ज्याचा आवाज मोठा त्याच्या इच्छेप्रमाणें निवड होते. आणि मग तीन महिने सराव करूनहि पावलें चुकतात, बिगुल अडखळतात, व लहान मुलें हातांत काठ्या धरून नुसतीं उभीं राहतात. यांत दोष मुलांचा क्वचितच असतो; बहुधा तो निवडीचा असतो. म्हणून ही निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या भागास वाद्यपथकें नवीं नाहींत. डोंबिवली येथें श्रीगणेश मंदिर संस्थानानें १९९९ सालीं गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली. पुढें ठाणें, कल्याण व इतर शहरांनीं तोच कित्ता गिरविला, आणि ढोलताशांचीं पथकें हें अशा यात्रांचें मोठें आकर्षण झालें. दुसरी परंपरा पितळी वाद्यांची. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मेस्त्री मुलांना स्वरलेखन व वादन शिकवीत. गोव्याचे अनेक वादक पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतांत नांवारूपास आले. तिकडे अमेरिकेंत ढोल व बिगुल यांच्या पथकांनीं ही कला फार पुढें नेली आहे. त्यांची राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा १९७२ सालीं सुरू झाली, व तेथें दहाबारा मिनिटांचा सारा कार्यक्रम एकाच कल्पनेभोंवतीं गुंफलेला असतो. साधनें भिन्न असलीं तरी प्रश्न एकच : जें वाजवावयाचें, तें वाजविणारांस व ऐकणारांस शोभेल काय ?

पहिली कसोटी पावलाची. संचलनांत दर मिनिटास सुमारें १२० पावलें पडतात. मनुष्यास पाय दोन; तेव्हां ज्या तालाचे समान भाग पडतात तो ताल सोयीचा. केरवा आठ मात्रांचा असल्यामुळें प्रत्येक आवर्तनाची सम डाव्याच पावलावर येते. दादरा सहा मात्रांचा. तो जलद घेऊन पहिल्या व चवथ्या मात्रेवर पाऊल टाकिलें, तर चालीस मोठी डौलदार लय येते. परंतु सात मात्रांचा रूपक मात्रेगणिक पाऊल टाकून वाजविल्यास एका आवर्तनांत सम डाव्या पायावर, तर दुसऱ्यांत उजव्या पायावर पडते, व नवशिक्या मुलाचा गोंधळ उडतो. असें गीत कितीहि मधुर असलें तरी तें उभ्यानें वाजवावें, चालतांना नव्हे.

दुसरी कसोटी वाद्याच्या शक्तीची. साध्या बिगुलास ट्रंपेटाप्रमाणें दाबावयाच्या कळा नसतात. ओठांच्या ताणावर त्यांतून नेहमींच्या वापराचे पांचच नाद निघतात, आणि तेहि सा, ग व प या तीन स्वरांचींच रूपें होत. ज्या गाण्यांत रे, म, ध, नी आहेत तें गाणें बिगुलावर येईल कसें ? तेथें चाल ट्रंपेट, क्लॅरिनेट किंवा बांसरी यांजकडे द्यावी व बिगुलानें मधून मधून ललकारी द्यावी. तसेंच ज्या गीताचा प्राण मींडेंत व बारीक हरकतींत आहे, तें नाट्यपद किंवा भावगीत शाळेच्या पितळी वाद्यांवर निर्जीव होतें. सरळ, ठसठशीत स्वरांचें गीत हेंच आपलें खरें धन. ढोलताशांच्या पथकांत तर चाल नसतेच. तेथें ताशाची तडतड पुढें वाट दाखविते व ढोलाचा ठोका तिला आधार देतो. अशा पथकानें गाण्याची नक्कल करण्यापेक्षां ठेक्यांतील फरकानेंच रंग भरावा.

तिसरी कसोटी जागेची. ध्वनि एका सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. पथकाच्या पुढल्या व मागल्या रांगांत ३४ मीटर अंतर असेल, तर पुढचा ठोका मागें पोहोंचण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो. आणि मागच्यांनीं तो ऐकून आपला ठोका दिला, तर पुढें परत येईपर्यंत तितकाच वेळ आणखी जातो. १२० च्या गतींत दोन ठोक्यांमध्यें अर्धाच सेकंद असतो, हें लक्षांत घेतां दाट व द्रुत बोल लांब रांगेंत कां विस्कटतात, तें कळेल. यास्तव मुलांनीं कानांपेक्षां नायकाच्या काठीकडे पाहावें, व दुतर्फा उंच इमारती असलेल्या रस्त्यावर विरळ ठेके निवडावे. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या भोंवतालचा किमान १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतताक्षेत्र ठरविण्याची तरतूद २००० सालच्या नियमांत आहे; अशा ठिकाणीं मौन पाळणें हा केवळ कायदा नव्हे, तो शेजारधर्महि आहे.

चवथी गोष्ट अर्थाची. गीत शब्दांवांचून वाजलें तरी लोकांच्या मनांत त्याचे शब्द उमटतात. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट समारंभांत अनेक वर्षें वाजविलें जाणारें 'अबाइड विथ मी' हें ख्रिस्ती स्तोत्र गांधीजींचें आवडतें होतें. २०२२ सालीं तें वगळून त्याच्या जागीं सी. रामचंद्र यांनीं संगीत दिलेलें 'ऐ मेरे वतन के लोगो' वाजविण्यांत आलें, तेव्हां देशभर चर्चा झाली. एका चालीशीं लोकांचें मन किती जडलेलें असतें, याचें हें उदाहरण होय. आमच्या शाळांत सर्व धर्मांचीं मुलें एका रांगेंत चालतात. तेव्हां ज्या गीतानें त्यांपैकीं एकासहि परकें वाटेल, तें आपल्या पथकास योग्य नव्हे.

राहिला क्रम. आरंभीं सर्वांस ठाऊक असलेलें गीत, मध्यें एखादें संथ, व शेवटीं जोरकस, अशी रचना करावी. सारेंच मोठ्यानें वाजलें तर मोठेपणा कशासहि उरत नाहीं. निवड कायम करण्यापूर्वीं मुलांनीं तें गीत टाळ्या वाजवीत म्हणावें व मैदानास एक फेरी घालावी. पाय अडखळले तर गीत बदलावें, मुलगा बदलूं नये. आमच्या मतें हीच सर्वांत मोठी कसोटी होय. जो नुकताच पथकांत आला आहे व ज्यास एकच ठोका येतो, त्याच्या त्या एका ठोक्यासहि ज्या गीतांत मानाची जागा आहे, तेंच गीत उत्तम. वाद्यपथक हें निवडक चौघांच्या कौशल्याचें प्रदर्शन नसून सर्वांनीं एका पावलानें चालण्याचें शिक्षण आहे, हें आमच्या बालमित्रांनीं ध्यानांत ठेवावें.