निकालवाचनातील सुरावली

इंग्लंडमधील फुटबॉल सामन्यांचे निकाल वाचण्याची बी. बी. सी. ची रीत, ज्यांना क्रीडेशी कर्तव्य नाही अशा भाषाभ्यासकांनीही ऐकावी अशी आहे. लेन मार्टिन यांनी १९५८ पासून १९९५ पर्यंत दूरचित्रवाणीवर हे वाचन केले. नभोवाणीवर जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यांनी २०१३ पर्यंत. यजमान संघ व त्याचे गोल प्रथम येतात. मग पाहुण्या संघाचे नाव चढ्या सुरात आले की तो जिंकला, उतरत्या सुरात आले की हरला. बरोबरीची सुरावली निराळीच. अखेरचा आकडा उच्चारण्यापूर्वीच निकाल कळतो! क्रटेंडन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७ ते १० वर्षांच्या मुलांना हे संकेत प्रौढांइतके उमगले नाहीत. परदेशातील प्रेक्षकाला शब्द समजले तरी आकड्याचीच वाट पाहावी लागण्याचा संभव आहे.