रायफलीवरील पहिली दुर्बीण

पाटण-शिराळ्याकडे रानडुकरे भुईमुगात शिरतात ती बहुधा दिवेलागणीनंतर. सबब परवानाधारक बंधूंनी दुर्बिणीच्या मोठ्या शक्तीस भुलू नये. पुढील भिंगाच्या व्यासास शक्तीने भागावे. ३२ मिलिमीटर व चौपट शक्ती असता डोळ्यास ८ मिलिमीटरचे प्रकाशवर्तुळ मिळते. ४० व दहापट असता अवघे ४. शिवाय दहापटीत दृश्य आकुंचित होऊन डुकरापलीकडील खोपीतले माणूस नजरेबाहेर राहते. बांधावरून चौपट पुरे, दुकानदार काहीही सांगो! डोळा भिंगापासून ३ ते ३॥ इंच दूर असावा, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. ठासणीच्या बंदुकीस दुर्बीण व्यर्थच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये पिकासाठीही डुकरावर गोळी झाडण्यास अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. तो प्रथम मिळवावा.